वर्ध्याचा राघू आणि वाळवंटातली शहरे

१. प्रश्न

आखाती देशांत नोकरीनिमित्त राहणारी आपली माणसे सुटीवर वर्ध्यास, आर्वीस किंवा हिंगणघाटास परत आली म्हणजे तिकडच्या ज्या नवलाईच्या गोष्टी सांगतात, त्यांत पोपटांचीही एक असते. दुबई, शारजा यांसारख्या शहरांत, जेथे वस्तीची हद्द ओलांडताच डोळा पोहोचेल तेथवर वाळूच वाळू लागते, तेथेही संध्याकाळी हिरव्या पोपटांचे थवे आपल्या गावातल्यासारखाच कलकलाट करीत खजुराच्या झाडांवर उतरतात. ऐकणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो की, पेरूच्या बागा, ज्वारीची शेते आणि वडापिंपळांच्या सावल्या यांत रमणारा हा पक्षी पर्जन्यहीन मुलखात पोहोचला कसा, आणि पोहोचल्यावर तेथे जगतो तरी कशावर?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील पोपट नीट पाहावा लागतो. कारण वाळवंटी शहरात टिकून राहण्यास जे गुण लागतात, त्यांतील बहुतेक त्याला विदर्भाच्या उन्हाळ्यातही लागतात. म्हणून या प्रकरणाचा आरंभ वर्ध्यापासून करून आपण क्रमाक्रमाने अरबस्तान व अमेरिका या देशांकडे जाऊ आणि शेवटी पुन्हा आपल्या कर्तव्याचा विचार करू.

२. मूळनिवासी, सुटलेला आणि स्थिरावलेला

प्रथम तीन अवस्थांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. जो पक्षी एखाद्या प्रदेशात माणसाच्या साहाय्याशिवाय पूर्वापार राहत आला, तो तेथील मूळनिवासी होय. आपला राघू, ज्याला पक्षिशास्त्रावरील मराठी ग्रंथांत कीर हे नाव आढळते, तो भारतीय उपखंडाचा आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी पट्ट्याचा मूळनिवासी आहे. जोधपूर-बिकानेरसारखी मरुभूमीतील गावेही त्याच्या नैसर्गिक मुलखातच मोडतात; अर्थात कोरडेपणा ही त्याला सर्वस्वी अपरिचित गोष्ट नव्हे.

दुसरी अवस्था पिंजऱ्यातून सुटलेल्या अथवा मुद्दाम सोडलेल्या पक्ष्याची. असा पक्षी परक्या भूमीत काही दिवस दिसतो आणि बहुधा उपासमारीने, थंडीने किंवा ससाण्याच्या पंजाने नाहीसा होतो. तिसरी अवस्था स्थिरावलेल्या पक्ष्याची : सुटलेले पक्षी एकमेकांस भेटतात, जोड्या जमवितात, घरटी करतात, आणि पुढील पिढ्या माणसाच्या हातचा दाणा न खाता वाढू लागतात. दुबईचे पोपट या तिसऱ्या अवस्थेतील आहेत. त्यांचे पूर्वज पिंजऱ्यातले होते. ते स्वतः मात्र पूर्णपणे रानटी जीवन जगतात.

पोपटाची ही देशांतरे आजकालची नव्हेत. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतातील बोलक्या पक्ष्याचे वर्णन लिहून ठेवले, आणि पुढे रोमन श्रीमंतांच्या घरी भारतीय पोपट पिंजऱ्यांत बाळगले जाऊ लागले. आवाजाची नक्कल करण्याची शक्ती, देखणा वर्ण आणि दीर्घ आयुष्य या तीन गुणांमुळे हा पक्षी व्यापाराचा माल ठरला, व जेथे जेथे पिंजरा गेला तेथे तेथे एखाद्या दिवशी त्याचे दार उघडे राहिलेच.

३. वर्ध्यातील पोपटाचे वर्ष

आता आपल्या राघूकडे पाहू. शेपटीसह त्याची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर भरते, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा निमुळत्या शेपटीचाच असतो. नराच्या गळ्याभोवती काळी व गुलाबी कंठी असते. ती वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पूर्ण उमटते, म्हणून कंठी नसलेला प्रत्येक पक्षी मादीच असतो असे समजणे योग्य नव्हे. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्यामुळे तो फांदी घट्ट धरतो आणि फळ पंजात उचलून खातो. त्याची वरची चोच कवटीला पक्की जखडलेली नसून बिजागरीने हालते. त्यामुळे टणक बी फोडणे, सालीखालचा गर काढणे आणि चढताना चोचीचाच तिसऱ्या पायासारखा उपयोग करणे त्याला साधते.

या शरीररचनेचा लाभ वर्ध्याच्या ऋतुचक्रात स्पष्ट दिसतो. हिवाळ्यात ज्वारीचे कणीस हुरड्यावर आले म्हणजे थवे शेतात उतरतात, आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराची व त्यांची झुंज सुरू होते. कारंजा, आष्टी, आर्वी या तालुक्यांतील संत्र्यांच्या बागा, परसांतील पेरू आणि चिंचेच्या शेंगा यांवरही त्यांची वहिवाट असतेच. पोपट खातो त्याहून अधिक कुरतडून टाकतो, ही शेतकऱ्याची फिर्याद अगदी खरी आहे. तथापि माघ-फाल्गुनात, जेव्हा जमीन कोरडी पडते आणि गवत करपते, त्याच वेळी पळस, सावर व पाठोपाठ मोह फुलतो, आणि पोपट या फुलांतील मधुरस व पाकळ्या खाऊन राहतो. वृक्षांची मुळे खोल असल्याने वरच्या मातीचा ओलावा संपल्यावरही त्यांना फुलता-फळता येते. पोपटाने आपले जीवन गवतापेक्षा वृक्षांशी बांधून घेतल्यामुळे मातीची कोरड त्याला तितकीशी जाचत नाही.

त्याची वीणही याच कोरड्या दिवसांत, साधारणपणे जानेवारी ते एप्रिल या काळात होते. घरटे विणण्याची कला त्याच्यापाशी नाही. सुताराने किंवा तांबटाने कोरलेली जुनी ढोली चोचीने रुंद करून, अथवा पडक्या भिंतीतील भोक पाहून मादी चार ते सहा अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी उडू लागतात. ती ढोलीबाहेर पडतात तेव्हा पिंपळ, वड व उंबर यांच्या फळांचा आणि पुढे निंबोळ्यांचा हंगाम असतो. अशा रीतीने माणसाला जो काळ सर्वांत खडतर वाटतो, त्याच काळात या पक्ष्याच्या संसाराची भरभराट चाललेली असते.

४. उष्णतेचा हिशेब

अन्न मिळाले तरी उन्हाचे काय, हा पुढील प्रश्न. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पक्ष्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान सुमारे ४१ अंश असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातील उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवा ४१ अंशांहून अधिक तापली की प्रवाह उलटतो आणि बाहेरची उष्णता शरीरात शिरू लागते. अशा वेळी थंड राहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाण्याची वाफ करून तिच्याबरोबर उष्णता दवडणे.

आपण घाम गाळून हे करतो. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. म्हणून भर दुपारी पोपट चोच उघडी ठेवून धापा टाकताना आणि पंख अंगापासून किंचित दूर धरून बसलेला दिसतो. तोंडातील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होऊन रक्त थंड होते. पण या उपायाची किंमत पाण्यात मोजावी लागते. पक्ष्यांचे मूत्र पातळ नसून घट्ट, पांढऱ्या लगद्यासारखे असते, त्यामुळे पाण्याची पुष्कळ बचत होते. तरीही बिया खाणाऱ्या पोपटाला नियमित पाणी पिणे भागच पडते. म्हणून तो पहाटे व सायंकाळी चरतो, दुपार दाट पानांच्या सावलीत काढतो, आणि पाणवठ्यापासून फार दूर राहत नाही.

यावरून पोपटाच्या गरजांची एक लहानशी यादी तयार होते : फळे व बिया देणारे वृक्ष, दाट सावली, पिण्याचे पाणी, आणि घरट्यासाठी ढोली. या चार गोष्टी असल्या तर ४५ अंशांचे ऊन त्याला सोसते. यांतील एकही नसली तर त्याहून सौम्य हवाही मारक ठरते. उघड्या वाळवंटात या चारांपैकी जवळजवळ काहीच नसते, आणि म्हणूनच शहराबाहेरील वाळूच्या टेकड्यांवर पोपट दिसत नाही.

५. वाळवंटातील शहर

दुबईच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्ध्यात एका चांगल्या श्रावणातील काही दिवसांत तेवढा पडून जातो. परंतु शहराच्या हद्दीत पावसाच्या या आकड्याला फारसा अर्थ उरलेला नाही. समुद्राचे पाणी गोडे करून घरोघर पुरविले जाते, वापरलेले पाणी शुद्ध करून उद्यानांना व रस्त्याकडेच्या झाडांना नळ्यांवाटे दिले जाते, आणि त्यावर खजूर, बोर व आपल्या परिचयाचा कडुनिंबही वाढतो. अरबस्तानात कडुनिंबाची लागवड किती झाली आहे याचा एकच दाखला पुरे : मक्केजवळच्या अरफातच्या मैदानावर हज यात्रेकरूंना सावली मिळावी म्हणून हे वृक्ष हजारोंच्या संख्येने लावलेले आहेत.

आता मघाची यादी हाती घेऊन पडताळणी करू. फळे आहेत, कारण खजूर पिकतो आणि निंबोळ्या लागतात. सावली आहे, कारण उद्याने दाट आहेत. पाणी आहे, कारण शिंपणाच्या नळ्या बारमाही झिरपतात. खजुराच्या जीर्ण खोडांतील पोकळ्या व इमारतींतील भोके ढोलीचे काम करतात. शिवाय तेथील हिवाळा सौम्य असतो आणि पाणी गोठविणारी थंडी पडत नाही. म्हणजे वाळवंटातील शहर हे पोपटाच्या दृष्टीने वाळवंट नाहीच. ते मानवाने पाण्याच्या बळावर निर्माण केलेले एक विस्तीर्ण उपवन आहे, आणि उन्हाळ्याचा सराव असलेल्या पक्ष्याला त्यात प्रवेश मिळाला एवढेच घडले. संयुक्त अरब अमिराती, बहरीन, कतार, कुवेत, ओमान अशा आखाती देशांच्या शहरांत हा पक्षी आज स्थिरावलेला आहे.

६. फिनिक्सचा दाखला

हा नियम केवळ राघूपुरता नाही हे दाखविणारे उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सापडते. फिनिक्स हे सोनोरा वाळवंटातील मोठे शहर. २०२३ च्या उन्हाळ्यात तेथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर राहिले. या शहरात गुलाबी चेहऱ्याचे लव्हबर्ड, म्हणजे आपल्याकडे पक्षीविक्रीच्या दुकानांतून जोडीजोडीने विकले जाणारे ते लहानखुरे आफ्रिकी पोपट, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मोकळे वावरत आहेत, आणि २०१० मध्ये झालेल्या गणनेत त्यांची संख्या सुमारे ९५० भरली.

त्यांचे मूळ स्थान नामिबिया व त्याच्या लगतचा आफ्रिकेचा नैर्ऋत्य भाग. तोही मुलूख कोरडाच. तेथे हे पक्षी खडकांच्या कपारींत, तसेच सुगरणीच्या कुळातील पक्ष्यांच्या मोठ्या सामुदायिक घरट्यांत बिऱ्हाड करतात. फिनिक्समध्ये त्यांनी ताडवर्गीय झाडांच्या वाळलेल्या झावळ्यांत आणि सुतार पक्ष्यांनी सग्वारो नावाच्या प्रचंड निवडुंगात कोरलेल्या भोकांत घरटी केली. शहरातील उद्यानांवर ते चरतात आणि अंगणांत टांगलेल्या दाण्याच्या भांड्यांचाही लाभ घेतात.

त्यांच्या एका वर्तनाची नोंद २०२१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेथील विद्यापीठाच्या इमारतींतून वातानुकूलित हवा बाहेर सोडणारी जी झडपे असतात, त्यांवर हे पक्षी तीव्र उन्हाच्या वेळी ओळीने येऊन बसतात आणि बाहेर येणारा थंड झोत अंगावर घेतात. चौथ्या विभागात सांगितलेला उष्णतेचा हिशेब ज्याला समजला, त्याला या वर्तनाचे महत्त्व सहज कळेल : पाणी खर्च न करता शरीर थंड ठेवण्याची सोय त्यांना माणसाच्या यंत्राने करून दिली.

७. थोड्यांचे पुष्कळ कसे होतात

पिंजऱ्यातून सुटलेले पाच-दहा पक्षी शेकड्यांत कसे जातात, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका शहरात १० जोड्या सुटल्या. प्रत्येक जोडीची दोन पिल्ले उडण्याइतकी वाढली, म्हणजे २० पिल्ले झाली. त्यांतील निम्मी वर्षअखेर जगली, आणि मोठ्या पक्ष्यांपैकी पाचांत एक मेला. वर्षाच्या शेवटी १६ मोठे व १० लहान, एकूण २६ पक्षी राहिले. लहान पक्षी वीण करण्याजोगे होण्यास आणखी काळ लागतो, म्हणून दुसऱ्या वर्षी ८ च जोड्या विणीस बसतील, आणि याच हिशेबाने संख्या २९ पर्यंत जाईल. तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची पिल्ले संसारास लागली की ती ३३ च्या आसपास पोहोचेल.

आरंभी ही वाढ क्षुल्लक वाटते आणि कोणी तिची दखल घेत नाही. परंतु तिची रीत सावकाराच्या चक्रवाढ व्याजाची आहे : व्याज मुदलात मिळते आणि त्यावर पुन्हा व्याज चढते. दरसाल केवळ १० टक्के वाढ धरली तरी सात वर्षांत संख्या जवळजवळ दुप्पट आणि चौदा वर्षांत जवळजवळ चौपट होते. याच हिशेबातून दुसरीही गोष्ट उमगते. १० जोड्यांऐवजी एकच जोडी सुटली असती आणि तिच्यातील एक पक्षी मेला असता, तर सारे तेथेच संपले असते. म्हणून एकदम किती पक्षी सुटतात आणि पुन्हा पुन्हा सुटत राहतात की नाही, यावर परक्या भूमीतील त्यांचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते.

युरोपचा अनुभव असाच आहे. ब्रुसेल्स शहरातील एका प्राणिसंग्रहालयातून १९७४ मध्ये सुमारे ४० पोपट मोकळे सोडण्यात आले, आणि आज तेथे त्यांचे वंशज हजारोंनी आहेत. इंग्लंडमध्ये १९६९ पासून त्यांच्या रानटी विणीची नोंद आहे. तेथील पोपट अमुक गायकाने सोडले किंवा तमुक चित्रपटाच्या चित्रीकरणातून निसटले अशा आख्यायिका लोकप्रिय आहेत. परंतु जुन्या नोंदींची स्थळे नकाशावर मांडून २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात त्यांना आधार मिळाला नाही. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या वर्षी सुटलेले पक्षी हेच त्यांचे खरे मूळ होय. युरोपातील या पोपटांचे पूर्वज मुख्यत्वे पाकिस्तान व उत्तर भारत या भागांतून गेले, असे जनुकांच्या तपासणीतून निष्पन्न झाले आहे.

८. ढोलीची टंचाई

येथवरचे वाचून एखाद्यास वाटेल की, सुटलेल्या जीवाला घर मिळाले यात वाईट काय? याचे उत्तर ढोलीपाशी सापडते. अन्न दरवर्षी नवे पिकते, पण झाडाला ढोली पडण्यास दशके लागतात. ती मर्यादित असते, आणि पोपट हा तिचा बलवान दावेदार आहे. शिवाय इतर अनेक पक्ष्यांहून तो विणीस लवकर लागतो, त्यामुळे बाकीचे येईपर्यंत ताबा घेऊन बसलेला असतो. इस्रायलमध्ये या पोपटांमुळे हुदहुद पक्ष्याची घरट्यांची स्थाने हिरावली गेल्याचे आढळले. स्पेनमधील सेव्हिल शहराच्या एका उद्यानात तर वृक्षांच्या ढोलींत राहणाऱ्या मोठ्या वटवाघळांना पोपटांनी हुसकावून लावले व कित्येकांना ठार केले, आणि तेथील वटवाघळांची वस्ती झपाट्याने घटली.

हाच पक्षी वर्ध्यात मात्र अपराधी ठरत नाही. येथे पिंगळा, साळुंकी, नीलपंख, धनेश आणि पोपट हे एकाच वृक्षसंपदेचे जुने वाटेकरी आहेत. त्यांची चढाओढ युगानुयुगे चालत आली आणि तिच्यातूनच प्रत्येकाचा वाटा ठरत गेला. परक्या भूमीतील इतर प्राण्यांना असा अवसर मिळालेला नसतो. तेव्हा प्राणी उपद्रवी की उपकारक, याचा निवाडा त्याच्या जातीवरून न करता त्याच्या स्थानावरून करावा लागतो.

आपल्याकडील संकट निराळे आहे. येथे ढोलींचे दावेदार तितकेच राहून ढोलीच कमी होत आहेत. रस्ते रुंद करताना सर्वांत आधी जातात ती कडेची जुनी, पोकळ झालेली झाडे. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम मार्गाच्या रुंदीकरणासाठी जुने वृक्ष तोडले जाऊ लागले तेव्हा वर्ध्याच्या नागरिकांनी त्याला जाहीर विरोध केला. त्या विरोधाकडे केवळ सावलीच्या प्रेमाने पाहणे अपुरे आहे. एक जुने झाड पडले म्हणजे अनेक कुटुंबांची पिढीजात घरे मोडतात, आणि त्याच्या बदल्यात लावलेल्या दहा रोपट्यांपैकी एकही पुढील कित्येक वर्षे ते घर देऊ शकत नाही.

९. आपले कर्तव्य

आता सारे धागे एकत्र आणू. वाळवंटातील पोपट हा मरुभूमीचा चमत्कार नसून दोन मानवी कृतींचा संयोग आहे : माणसाने पक्ष्याला त्याच्या देशातून उचलून नेले, आणि माणसानेच वाळूत पाणी आणून त्याच्या वस्तीस योग्य जागा तयार केली. यांतील दुसरी कृती आपल्या हाती नाही. पहिली मात्र आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये आपला राघू संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे व पिंजऱ्यात बाळगणे हा गुन्हा आहे. तरीही घरोघर ‘मिठू मिठू’ म्हणणारा पोपट प्रेमाने पाळला जातो, आणि त्यात काही गैर आहे याची पाळणाऱ्यास कल्पनाही नसते. बाजारात आलेले पिल्लू बहुधा ढोलीतून काढलेले असते, आणि ते काढताना पुष्कळदा ढोलीच फोडली जाते. म्हणजे एका पिल्लाच्या खरेदीने पुढील अनेक विणींचे स्थान नष्ट होते. मागणी थांबल्याखेरीज हा व्यवहार थांबणार नाही.

म्हणून वाचकांस कळकळीची विनंती आहे. राघू विकत घेऊ नका. घरात असलाच तर पश्चात्तापाच्या भरात एकाएकी उडवून देऊ नका, कारण पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यास अन्न शोधण्याचे व शत्रू ओळखण्याचे शिक्षण मिळालेले नसते; तो वनविभागाच्या किंवा वर्ध्यालगतच्या पिपरी येथील करुणाश्रमासारख्या प्राणिसेवा-संस्थेच्या स्वाधीन करा. लव्हबर्डसारखे परदेशी पक्षी तर कोणत्याही कारणाने मोकळे सोडू नका. आणि आपल्या गावात पिंपळ, वड, कडुनिंब किंवा चिंच यांचे एखादे जुने, पोकळ झाड उभे असेल, तर ते तोडण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी तेथे उपस्थित राहून त्याच्या बाजूने बोला.